आपल्याच माणसाचं

माउसच्या पोटातला रबरी गोळा तळहातावर आला आणि रश्मीने तो उजेडाकडे धरला – राखाडी, वजनाला बरा, आणि एका बाजूने धाग्यांचा बारीक गुंता चिकटलेला. सुरतेत धूळ कमी आणि तंतू जास्त. लूमवरून उडतात, साड्यांच्या गठ्ठ्यांतून उडतात, आणि रिंग रोडवरच्या या रक्तपेढीत, जिथे खिडक्या कायम बंद आणि एसी कायम घरघरत असतो, तिथेही कसे कुणास ठाऊक, येऊन माउसच्या पोटात बसतात. मग पडद्यावरचा बाण अडखळतो, इकडे न्यावा तर तिकडे जातो, आणि ज्या चौकोनात खूण करायची ती त्याच्या शेजारच्या चौकोनात होऊन बसते. आजच्या दिवशी तरी हे नको होतं. शेजारच्या चौकोनात खूण म्हणजे भलत्याच माणसाला भलताच हक्क. तिने स्पिरिटचा कापूस घेतला – इथे त्याला काय तोटा – गोळा पुसला, आतली चाकं नखाने खरवडली आणि झाकण फिरवून बसवलं.

समोर पडद्यावर तो तक्ता होता. वर आडव्या ओळीत भूमिका : नोंदणी, तपासणी, वितरण, वैद्यकीय अधिकारी, देखभाल. डाव्या हाताला एकाखाली एक कामं : दात्याची नोंद करणे, तपासणीचा निकाल भरणे, निकाल मंजूर करणे, पिशवी देणे… आणि जिथे भूमिका आणि काम एकमेकांना भेटतात तिथे एकेक रिकामा चौकोन. खूण केली की त्या भूमिकेच्या माणसाला ते काम करता येणार, काढली की नाही. निकाल भरणाऱ्यानेच तो मंजूर करायचा नाही. पिशवी देणाऱ्याने निकालाला हात लावायचा नाही. एवढंच तर आहे, असं ती नवऱ्याला, सुरेशला म्हणाली होती. सुरेश बँकेतला माणूस. त्याने चष्मा वर करून म्हटलं होतं, एवढंच काय, आमची अख्खी बँक एवढ्यावरच चालते.

हा साचा काही तिने घडवलेला नव्हता. फ्रेमवर्क म्हणतात त्याला – दूरदेशीच्या कुणी मंडळींनी लिहून जगाला फुकट वाटून टाकलेलं. फोनची लाइन पुन्हा पुन्हा तुटत असताना, नानपुऱ्यातल्या सुरेशच्या मित्राच्या घरी बसून, तिने ते तुकड्यातुकड्याने उतरवून घेतलं होतं. भूमिका, हक्क, दरवाजे, कुलपं, सगळं तयार. आपण फक्त ठरवायचं कुणाला काय. एकदा अडली म्हणून तिने त्या मंडळींना ईमेलने पत्र धाडलं, तर सकाळी उत्तर हजर, तेही चांगलं सविस्तर. वरच्या कप्प्यात दिलेला हक्क खालच्या कप्प्यात आपोआप झिरपतो, बाई. खाली खूण काढलीत तरी ‘वरून घ्यावे’ ही खूण राहिली तर दार उघडंच राहतं. ती काढायला विसरू नका. कोण कुठला माणूस, ना ओळख ना पाळख. तिला इतकं भरून आलं होतं की आभाराचं पत्र लिहिताना इंग्रजी सुचेना.

आणि हक्क दिले की तपासायचे. प्रत्येक भूमिकेचं खोटं नाव घेऊन आत शिरायचं आणि जे दिसायला नको ते पाहायला जायचं. दिसलं तर आपण चुकलो. असं हे उलटंच काम. चोराच्या मनाने करायचं आणि शहाण्याच्या मनाने नोंदवायचं. रश्मीला ते मनापासून आवडे. स्वयंपाकघरातून उठून, संगणकाच्या शिकवण्या करत करत ती इथवर आली होती, आणि डॉक्टर कापडियांनी कुठल्या मोठ्या कंपनीला न बोलावता हे काम तिच्यासारख्या एकटीला दिलं, याचं तिला अजून सकाळी उठल्यावर नवल वाटे.

त्याच डॉक्टर कापडिया मघाशी येऊन गेल्या. पेढीच्या प्रमुख, पांढरी साडी, काखेत थर्मास, आणि बोलणं असं की वाक्य संपायच्या आत माणूस दारापर्यंत पोचलेला. “रश्मीबेन, सांजे बधुं मने सोंपी देजो. पासवर्ड हुं नाखीश. अने पेलुं जोडाणवाळुं, ए फक्त मारी पासे. तमारुं नाम पण काढी नाखजो. खोटुं ना लगाडशो.”

संध्याकाळी सगळं माझ्या हवाली करा. जोडणीचा हक्क फक्त माझ्याकडे. तुमचंही नाव काढा. वाईट वाटून घेऊ नका. वाईट कसलं, मॅडम, रश्मी म्हणाली, आणि आपल्या आवाजातला सहजपणा ऐकून तिचं तिलाच कसंसं झालं.

जोडणी म्हणजे कुणी दिलेली पिशवी कुणाला गेली ते. रुग्णाला काही त्रास झाला तर डॉक्टरांना ते पाहावं लागतं. एरवी कुणीच पाहायचं नाही. दिलेल्याच्या दारात कुणी पेढे घेऊन जायचं नाही आणि घेतलेल्याच्या दारात कुणी हात पसरून उभं राहायचं नाही, असा डॉक्टरांचा खाक्या; आणि तो बरोबरच होता, रश्मीला पहिल्या दिवशी पटला होता. तक्त्यात ‘जोडणी पाहणे’ अशी ओळ होती. त्या ओळीत फक्त दोन खुणा होत्या. एक डॉक्टरांची. दुसरी ‘देखभाल’च्या खाली – म्हणजे रश्मीची. संध्याकाळपर्यंत.

आणि उन्हाळ्यात बसून दोन मुलींनी जुन्या नोंदी सगळ्या यंत्रात भरल्या होत्या. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरातल्यासुद्धा.

म्हणजे तिच्या मंदारला, लेकाला, रक्त कुणी दिलं ते इथे होतं. या पडद्यामागे, चार बोटांच्या अंतरावर. हे काम हाती घेतलं त्या दिवसापासून रश्मीला ते ठाऊक होतं आणि तिने पाहिलं नव्हतं. का नव्हतं? चांगुलपणा म्हणावा तर तेवढी ती चांगली नव्हती. घरात श्रीखंड केलं तरी सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर शेवटी आपली वाटी घ्यायची, तसं काहीतरी. आधी काम नीट होऊ दे. आधी सगळ्यांची कुलपं लागू देत. मग एकदाच, जाता जाता, नाव पाहायचं. कुणाला सांगायचं नाही. सुरेशलाही नाही. फक्त मनातल्या मनात हात जोडताना समोर एक नाव असावं… एवढं मागणं काही फार नव्हतं.

तो सप्टेंबर. प्लेगची बातमी फुटली आणि शहर रात्रीतून उठून चालायला लागलं – स्टेशनवर, बस अड्ड्यावर, ट्रकांच्या टपांवर माणसं. शेजारच्या देसाईंनी कुलूप लावताना किल्ली रश्मीकडे दिली आणि तोंडावरचा रुमाल न काढता म्हटलं, तुम्हीही निघा. निघणार कसे? मंदार तीन वर्षांचा, तापाने फणफणलेला. प्लेग नव्हता, ‘झेरी मलेरिया’ म्हणाले डॉक्टर, ओठ बघा, पांढरे पडलेत, आजच रक्त चढवायला हवं. गट बी निगेटिव्ह. सुरेशचा गट जुळत होता, पण त्याला आदल्या वर्षी कावीळ होऊन गेलेली – चालत नाही. तिचा जुळत नव्हता. नाशकाहून, माहेरून, कोण येणार? सुरतेचं नाव काढलं की गाड्या थांबत नव्हत्या. सुरेश मुलापाशी बसला आणि ती इथे आली, याच पेढीत, याच खिडकीसमोरच्या बाकावर. समोरचं कपाट रिकामं आहे हे तिला काचेतून दिसत होतं. तरी ती बसून राहिली, कारण उठून जायचं कुठे हे तिला सुचेना. किती वेळ, देव जाणे. मग खिडकी उघडली, नाकाला रुमाल बांधलेल्या बाईने बर्फात गुंडाळलेली पिशवी पुढे केली आणि म्हणाली –

“घ्या, पळा. तुमच्याच माणसाचं आहे. आपल्या मराठी माणसाचं. लूमवर असतो.”

ती पळाली. पिशवी पोटाशी धरून रिकाम्या रिंग रोडवरून रिक्षात, आणि डोक्यात ते एकच वाक्य. सगळं गाव पळत असताना एक माणूस उलट्या दिशेने चालत आला आणि दंड पुढे करून गेला. लूमवरचा. आपला.

आपला – हा शब्द तोवर तिच्या तोंडात तसा नव्हता. ती नाशकातल्या शिक्षकाची मुलगी, बँकेतल्या माणसाची बायको. सुरतेत आली तेव्हा पहिल्यांदा तिला कळलं की इथे मराठी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खानदेशातून आलेला लूमवरचा कामगार येतो, डोक्यात कापसाचा भुगा, खोलीत दहा माणसं. शेजारणी कौतुकाने म्हणायच्या, “तमे तो मराठी लागता ज नथी!” – तुम्ही मराठी वाटतच नाही. आणि ती हसायची. खरं तर सुखावायची. उधन्याच्या बसमध्ये मागच्या सीटवर अहिराणी सुरू झाली की ती खिडकीबाहेर बघू लागायची, जणू त्या बोलीशी आपलं काही घेणं-देणं नाही, आणि शेजारी गुजराती बाई असली तर जरा जास्तच बाहेर.

त्या पिशवीनंतर ते गेलं. ठरवून नाही गेलं, गेलंच. मंदारच्या ओठांवर रंग परतला तसं काहीतरी तिच्या कानांत परतलं. बसमध्ये कुणी “काय व्हयनं?” म्हटलं तरी ती वळून बघायची – हाच असेल का? हा मिशीवाला? की तो, झोपाळलेला, टाचा फुटलेला? तिने त्याला नावं दिली. कधी तो उखा असे, कधी बळीराम. उखा असला की बारीक आणि लाजरा. बळीराम असला की दांडगा, पिशवीभर रक्त देऊनही वडापाव खाऊन कामावर जाणारा. रविवारी ती लिंबायतला, लूमवाल्यांच्या वस्तीत, जाऊ लागली. तिथल्या पोरींना दहावीचं गणित मराठीत समजावून सांगायला कुणी नव्हतं; ती सांगू लागली. त्यातली वैशाली पास झाली तेव्हा तिच्या आईने, पार्वतीने, रश्मीला घरात ओढून नेलं होतं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पार्वतीकडून खापरावरची पुरणपोळी येते, आणि मंदार ती कुस्करून दुधात खातो, आणि रश्मी त्याच्याकडे बघत बसते. सगळं त्या एका वाक्यातून आलेलं. मला कुणी विचारलं असतं, बाई, तुझं या गावाशी नातं काय, तर मी म्हटलं असतं, रक्ताचं. आणि मला त्यात काही नाटकी वाटलं नसतं.

“ही पडद्यावरची खिडकी मला नाय उघडणार आता?”

प्रमिलाबाई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या होत्या. पेढी उघडली तेव्हापासून खिडकीवर त्याच. मूळच्या नंदुरबारच्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं तोडून टाकल्यासारखं पण हात फार मऊ. रुमाल बांधलेल्या त्याच. त्यांना ती बाकावरची बाई आठवत नव्हती, आणि रश्मीने इतक्या दिवसांत आठवणही करून दिली नव्हती. तेही शेवटच्यासाठी राखलेलं होतं. आता ‘नोंदणी’ची भूमिका तपासायची म्हणून तिने त्यांना बोलावलं होतं.

“नाही उघडणार,” रश्मी म्हणाली. “गट कोणता, तपासून झाली का, कुणाला गेली, एवढं दिसेल. दिली कुणी, ते नाही.”

“हां. तशीही मी कुठं बघत होते.”

“मग लोक विचारतात तेव्हा?”

“लोक विचारतात ना. सगळेच विचारतात, कुणाचं आहे, कुणाचं आहे.” प्रमिलाबाईंनी चष्मा पदराने पुसला. “मी तोंड बघते, बोली ऐकते. ओरिसाकडचा असला तर सांगते, तेरे गंजामवाले का है बाबा. काठियावाडी असले तर, तमारा ज पटेलनुं छे. मुसलमान असला तर त्याचं. मराठी असला तर आपल्या मराठी माणसाचं, लूमवरच्या.”

रश्मीचा हात माउसवर होता. बाण एका चौकोनावर येऊन थांबला.

“म्हणजे… खरं नसतं ते?”

“असेल कधी. कधी नसेल. गट खरा असतो, ताई, तपासणी खरी असते. बाकी कोण बघायला बसलंय?” त्या सहज सांगत होत्या, भाजीत मीठ कधी घालायचं ते सांगावं तशा. “सुरुवातीला नव्हते सांगत. मग एक सासू आली. सून तिकडे बाळंतपणात टेबलावर, आणि ही इथं खिडकीत जात विचारत उभी. कुणाचं कोण जाणे म्हणे, आमच्यात चालत नाही. पिशवी माझ्या हातात, घेईना. मी म्हटलं, तुमच्याच जातीचा आहे हो, पाया पडून गेला आत्ताच. तेव्हा घेतली आणि पळाली. तेव्हापासून मी कुणाला विचारायची वेळच येऊ देत नाही. पिशवी हातात आणि वाक्य तोंडात. माणूस निवांत होतो, पळायला लागतो. पळायलाच पाहिजे ना त्यानं?”

“प्लेगच्या वेळीसुद्धा?”

“तेव्हा तर जास्तीच. तेव्हा काय, जो आला तो आला. कोण होता, कुठला होता, कुणी बघितलं? चला, दुसरं काय तपासायचं?”

दुसरं काहीतरी तपासलं त्यांनी. प्रमिलाबाईंनी एक खोटा दाता नोंदवला, निकाल भरायला गेल्या, यंत्राने नाही म्हटलं. त्या खूश झाल्या. रश्मीने वहीत बरोबरच्या खुणा केल्या, हातानेच केल्या, तिचं मन तिथे नव्हतं. मग प्रमिलाबाई डबा खायला आत गेल्या आणि ती एकटी उरली.

उखा नव्हता. बळीराम नव्हता. आपल्या मराठी माणसाचं, लूमवरच्या – हे वाक्य तिच्यासाठी नव्हतंच, ते खिडकीतून रोज बाहेर पडणारं वाक्य होतं, चहासोबत बिस्किट द्यावं तसं, समोरच्याच्या तोंडाकडे बघून. आणि तिने त्यावर पाच वर्षं घर बांधलं होतं… लिंबायतचे रविवार, पार्वती, बसमधल्या टाचा. पोटातून हसू येतंय की दुसरं काही, तिला कळेना.

मग दुसरंच काहीतरी वर आलं, आणि ते आल्यावर हसू गेलं. मी विचारलं होतं का? विचारायची वेळच येऊ देत नाही, म्हणाल्या त्या. पण माझ्या आठवणीत मी विचारते आहे. पिशवी हातात घेताना, कुणाचं आहे हो? विचारते आहे आणि मगच त्या सांगताहेत. की ते मी मागाहून घातलं? आणि विचारलं असेन तर कशाला? आभार मानायला, असं मी इतकी वर्षं धरून चालले. पण प्रमिलाबाईंनी माझं तोंड पाहिलं. तोंड पाहून त्यांनी ठरवलं की हिला सांगून टाकावं. काय दिसलं त्यांना तिथे? एक घाबरलेली आई? की एक नीटनेटकी बाई, रुमालाच्या आडून… त्या सासूच्या जातीतली? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. मंदार मरत होता, मी सापाचं रक्तही घेतलं असतं – असं आता म्हणते. तेव्हा काय म्हणत होते, कोण सांगणार?

एक जागा होती जिथे निदान अर्धं उत्तर होतं. तिने जोडणीचं पान उघडलं. रुग्णाचं नाव : मंदार. आडनाव. वर्ष, महिना. बोटं न अडखळता चालली, इतक्या दिवसांत मनात किती वेळा टाइप केलं असेल. खाली ‘शोधा’ असं बटण. तिथवर बाण नेला आणि थांबली.

काय येईल? एखादा पटेल येईल. एखादा शेख येईल. गंजामचा कुणी साहू. कदाचित खरंच कुणी पाटील, चाळीसगावकडचा, आणि प्रमिलाबाईंची बंडल खरीच निघेल. कदाचित ओळखीचं नाव येईल, रोज दिसणारं… कुणीही आलं तरी तो एक माणूस असणार होता. त्याला पत्ता असणार होता. मी नाही नाही म्हणत एक दिवस जाणार, मिठाईचा डबा घेऊन, मंदारला नवा शर्ट घालून. तो दारात गोंधळून उभा राहणार, त्याला आठवतही नसणार. बायको पाणी आणणार. आम्ही थोडा वेळ बसणार आणि उठणार. आणि रिक्षात बसल्यावर मला हलकं वाटणार. झालं एकदाचं, असं वाटणार. ते हलकं वाटणं तिला आत्ताच, खुर्चीत बसल्या बसल्या, जाणवलं आणि ती घाबरली. तिला हलकं व्हायचं नव्हतं. या ओझ्यानेच तिला बसमध्ये मागे वळून बघायला शिकवलं होतं. ते खोट्या वाक्यावर उभं असेल, असो. पण लिंबायतला जे गणित शिकवलं ते खरं होतं, वैशालीचे मार्क खरे होते, पार्वती खापरावर हात भाजून घेते तेही खरंच. एका सासूला फसवायला सुचलेल्या वाक्याने एवढं केलं असेल तर त्या वाक्याचे उपकार कुणाचे? तोंडात घास असलेल्या, आत डबा खात बसलेल्या त्या बाईचे. आणि तो जो कुणी आला आणि गेला, त्याने तर नाव मागे ठेवायचीही इच्छा दाखवली नव्हती. त्याने दिलं होतं ते इतकं मोकळं दिलं होतं. मी त्याला आता पकडायचं?

ती पान तसंच ठेवून तक्त्याकडे गेली. ‘जोडणी पाहणे’, ‘देखभाल’. तिने आपली खूण काढली. मग त्या दूरदेशीच्या माणसाचं पत्र आठवून डावीकडची ‘वरून घ्यावे’ची खूणही काढली. जतन केलं. बाहेर पडून पुन्हा आपल्याच नावाने आत आली.

आता तपासणं आलं. हक्क काढला म्हणून भागत नाही. काढला गेला की नाही ते पाहायला हवं, आणि पाहायचं म्हणजे तेच बटण दाबायचं. कुठे वरच्या कप्प्यात काही राहून गेलं असेल, तर नाव समोर येईल. तिने पुन्हा मंदारचं नाव टाइप केलं. आपण कशाची वाट बघतोय, हे तिला त्या क्षणी खरोखर सांगता आलं नसतं. चूक निघावी असं आत कुठेतरी, एवढंसं, होतंच. तिने बटण दाबलं. यंत्र घरघरलं, पान पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं.

मग ते वाक्य आलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिनेच लिहिलेलं, इंग्रजी अक्षरांतलं गुजराती : आ माहिती जोवानी तमने परवानगी नथी. आभार.

हे पाहायची तुम्हाला परवानगी नाही. धन्यवाद. शेवटचा शब्द तिने इथल्या पाट्यांच्या रिवाजाने, काही विचार न करता टाकला होता. आता तो वाचून तिचे डोळे असे भरले की वहीत खूण कुठे करायची तेही दिसेना.

दुपार कामात गेली. डॉक्टर कापडिया आल्या, उभ्यानेच पासवर्ड टाकला, रश्मीने मान दुसरीकडे वळवली, त्यांनी दोन-तीन दारं हलवून पाहिली आणि म्हणाल्या, “सरस.” त्यांच्या तोंडून तो शब्द फार महाग, सगळी पेढी जाणून होती. तिने पर्स आवरली. प्रमिलाबाईंना सांगावं का, बाकावरची ती बाई मी? सांगून काय म्हणायचं? तुम्ही मला खोटं सांगितलंत, फार बरं केलंत? त्यांना ते कळलं नसतं, आणि कळलं असतं तर त्या चिडल्या असत्या. तिने नुसता त्यांचा हात हातात घेतला. “काय ओ ताई, परदेशी चाललात का,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “हात धरताच आहात तर एक काम करा. आत एक जण बसलाय रक्त देऊन, चहा संपेपर्यंत त्याच्यापाशी बसा. उठू देऊ नका. इथली मुलगी पिशवी घेऊन खाली गेलीय.”

आतल्या खुर्चीवर बावीस-तेवीसचा एक सडपातळ तरुण होता, कोपरात कापूस दाबून हात मुडपलेला, दुसऱ्या हातात चहा. केसांत कापसाचा भुगा. रश्मी समोरच्या स्टुलावर बसली. लूमवर का, म्हणून तिने हिंदीत विचारलं. हो, पांडेसरा, गाव गंजाम, तो म्हणाला. कारखान्यातल्या कुणाचा हात यंत्रात आला होता, त्याला इथलं रक्त मिळालं, त्याच्या बदली हा द्यायला आला होता. तो बिस्किट खाईना. हातात धरून बसला होता. घाबरला आहे की काय, म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“हमारे आदमी को तो मिल गया,” तो शेवटी म्हणाला. “ये मेरा वाला किसको जाएगा, दीदी?”

तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचा हक्कही आता तिला नव्हता, तिने स्वतःच तो काढून टाकला होता. मालूम नहीं, एवढंच खरं उत्तर होतं, आणि ते तिच्या ओठांपर्यंत आलंही. पण तो वाट बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते तिने बघितलं, आणि तिचं तोंड आपोआप उघडलं.

“अपने ही आदमी को,” ती म्हणाली.

“पक्का?”

“पक्का.”

तो हसला आणि बिस्किट चहात बुडवून खाऊ लागला. आपण काय बोललो, खोटं की खरं, हे ती मनात उलटसुलट करून बघत होती आणि ते दोन्हीकडून सारखंच दिसत होतं. अपना म्हणजे त्याचा, की माझा? त्याने विचारलं नाही आणि तिलाही ठरवता येईना. ठरवायची घाई नव्हती. चहा अजून अर्धा शिल्लक होता, आणि तो संपेपर्यंत तिला तिथून उठायचं नव्हतं.